सोबतच्या रीडमीबद्दल जाहीर आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पावसाचा अभ्यास करणारे आम्ही काही प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी. सीएमआयपी६ या आंतरराष्ट्रीय हवामान-मॉडेल प्रकल्पातल्या मॉडेलांचा रोजचा पाऊस तुम्ही आमच्या भागापुरता कापून दिलात, त्याचे आभार आहेतच. पण पत्र जाहीर लिहायचं ठरलं ते फायलींसोबत आलेल्या रीडमीमुळे, म्हणजे माहिती-सूचनांच्या फाइलमुळे. डेटा देणारे बरेच भेटतात. तो कुठून घेतला, कसा कापला आणि वापरताना कुठे अडेल, हे लिहून देणारे विरळा.

आधी आकाराचं. एमपीआय-ईएसएम१-२-एचआर या जर्मन मॉडेलची पृथ्वीभरची जाळी ३८४ बाय १९२ चौकोनांची आहे. एका आकड्याला चार बाइट धरले, तर रोजच्या पावसाचं एक वर्ष सुमारे १०७ एमबी होतं आणि १८५० ते २०१४ हा ऐतिहासिक टप्पा कॉम्प्रेस न करता साडेसतरा जीबीच्या पुढे जातो. हे एका मॉडेलचं, एकाच घटकाचं. तुम्ही सीडीओ या हवामान-डेटा हाताळणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेललॉनलॅटबॉक्स या आज्ञेने ७३ ते ७७ पूर्व आणि १४ ते १८ उत्तर एवढा तुकडा कापलात. तीच १६५ वर्षं पाच एमबीच्या आत बसली. बेळगाव जिल्ह्याभोवती चारी बाजूंनी जागा सोडलीत, हे विशेष. जिल्ह्याच्या हद्दीला चिकटून कापलं असतं, तर दुसऱ्या जाळीवर नेताना कडेच्या चौकोनांना शेजारच उरला नसता.

रीडमीतली सर्वांत मोलाची ओळ आवृत्तीची. सीएमआयपी६ च्या फाइलच्या नावात घटक, मॉडेल, प्रयोग, व्हेरियंट (मॉडेलची कोणती धाव, म्हणजे रन, ते सांगणारा संकेत), जाळी आणि तारखा असतात, आवृत्ती मात्र नसते. ती सर्व्हरवरच्या फोल्डरच्या नावात असते, 'व्ही' आणि पुढे तारीख अशी. फाइल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर टाकली की ती ओळख पुसली जाते. मॉडेल गटाने चूक दुरुस्त करून नवी फाइल चढवली, तर जुनी आणि नवी अगदी एकाच नावाच्या. मग दोघांचे आलेख जुळत नाहीत आणि दोघेही एकमेकांचा कोड तपासत बसतात. तुम्ही प्रत्येक फाइलपुढे आवृत्ती, मूळ ट्रॅकिंग आयडी (फाइलचा ओळख क्रमांक) आणि शा-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते पडताळणारा संकेत) दिलात. इथे पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे. नाव पूर्ण आणि अंग अर्धं अशी फाइल चेकसमशिवाय ओळखणार कशी?

व्हेरियंटची सूचनाही नेमकी होती. हा डेटा जिथून उतरवतात त्या अर्थ सिस्टम ग्रिड फेडरेशनच्या शोधात सवयीने आर१आय१पी१एफ१ हा व्हेरियंट निवडलं, की यूकेईएसएम१-०-एलएल आणि सीएनआरएम-सीएम६-१ ही मॉडेलं यादीतून गुपचूप गळतात, कारण त्यांच्या धावांच्या नावात शेवटी एफ१ ऐवजी एफ२ आहे. आणि २०१४ पर्यंतचा इतिहास २०१५ पासूनच्या एसएसपीला, म्हणजे भविष्याच्या गृहीत चित्रांवरच्या धावांना, जोडायचा, तर दोन्हीकडे व्हेरियंट एकच हवा.

एककाबद्दल फार लिहीत नाही. पाऊस किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असा येतो. ८६,४०० ने गुणलं की मिलिमीटर प्रति दिवस. ०.०००१ हा क्षुल्लक दिसणारा आकडा म्हणजे दिवसाला ८.६४ मिलिमीटर.

कॅलेंडर मात्र खरंच छळतं. यूकेईएसएमचं वर्ष ३६० दिवसांचं, म्हणजे त्यात ३० फेब्रुवारीही असते. नेहमीच्या तारखांत बदलायला गेलं की प्रोग्रॅम तिथेच अडतो. जून ते सप्टेंबर हवामान खात्याच्या नोंदीत १२२ दिवसांचे, या मॉडेलमध्ये १२०. म्हणून हंगामाच्या बेरजा थेट ताडून न पाहता रोजची सरासरी घ्या, हा तुमचा सल्ला आम्ही जसाच्या तसा उचलला. हवामान खात्याच्या ०.२५ अंशी जाळीतला उणे ९९९ म्हणजे 'नोंद नाही', हेही तिथेच लिहिलं होतं. ते आधी वगळलं नाही, तर गोव्याच्या किनाऱ्यालगतची सरासरी शून्याखाली जाते.

ईआरए५ या युरोपीय हवामान-डेटासंचाचे अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतात. त्यामुळे एक्सअरे या पायथॉनच्या साधनात १४ ते १८ असा तुकडा मागितला तर रिकामा हातात येतो आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. १८ ते १४ मागायचं. एवढीशी ओळ, पण ती माहीत नसली तर दिवस जातो.

तुमच्या एका वाक्याखाली आम्ही लाल रेघ मारली आहे: मॉडेलच्या २०१९ मध्ये ऑगस्टचा पूर शोधू नका. या धावा प्रत्यक्ष हवामानाला बांधलेल्या नसतात. त्यांतलं २०१९ हे त्या काळातलं एक संभाव्य वर्ष. तुलना करायची ती तीस-तीस वर्षांच्या आकडेवारीची. तसंच जाळीचं. पुण्याच्या आयआयटीएम-ईएसएमचा चौकोन सुमारे दोनशे किलोमीटरचा; घाटमाथ्यावरची कणकुंबी आणि दुष्काळी अथणी त्यात एकत्र मावतात. तो ०.२५ अंशावर ताणला तर नकाशा गुळगुळीत दिसतो, माहिती तेवढीच राहते. जाळी बदलताना पावसासाठी सीडीओच्या रीमॅपबिल आज्ञेऐवजी रीमॅपकॉन वापरा, म्हणजे एकूण पाणी जपलं जातं, हे तुम्ही कारणासकट सांगितलंत.

आता आमच्याकडून. हा संच धारवाडच्या किंवा कोल्हापूरच्या कुणी मागितला, तर रीडमी आणि चेकसमची यादी यांच्यासह एकाच फोल्डरमध्ये देऊ. सुटी फाइल देणार नाही. लेखात प्रत्येक मॉडेलचा डीओआय (डेटाचा कायमचा ओळख क्रमांक) आणि परवान्यात सांगितलेला उल्लेख येईल. कमाल तापमानाचा असाच तुकडा जमला तर हवा आहे, घाई नाही. त्याच सीमा ठेवल्यात तर आमची स्क्रिप्ट बदलावी लागणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
बेळगाव सीमाभागातील पाऊस-अभ्यासक