आधी बॉल उचलायला शिकव

बेळगाव,
७ डिसेंबर

प्रिय सखे,

तुझं पत्र परवा मिळालं. शाळेमागची जागा सपाट करून घेतलीत, मुरूम टाकलात आणि आता तिथं मुलींना व्हॉलीबॉल शिकवणार, हे वाचून इतका आनंद झाला की मेसच्या रांगेत उभी राहूनच मी पत्र पुन्हा वाचलं. तुझ्या गावात मोबाइलला रेंज नाही म्हणून आपलं हे पत्रांचं चालतं, पण मला तेच बरं वाटतं. फोनवर हे सगळं धड सांगता आलं नसतं.

तू दोन गोष्टी विचारल्यास. नेट किती उंच बांधू, आणि मुलींना सुरुवात कुठून करून देऊ.

नेटचं पटकन सांगते. बायकांच्या सामन्यात नेट २.२४ मीटरवर असतं, पुरुषांच्या २.४३ वर. तू या दोन्हीच्या वाटेला जाऊ नकोस. सहावी-सातवीच्या मुलींना दोन मीटर पुष्कळ झालं. हे काय पोरखेळाचं नेट, असं कुणी म्हणालंच तर सांग, १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ काढला तेव्हा त्यांनीसुद्धा नेट साडेसहा फुटांवर, म्हणजे १.९८ मीटरवरच बांधलं होतं. वायएमसीए या संस्थेच्या व्यायामशाळेत येणाऱ्या, वयानं जरा मोठ्या गृहस्थांना बास्केटबॉलची धक्काबुक्की झेपत नव्हती, त्यांच्यासाठी हा खेळ निघाला. खेळणाऱ्याच्या अंगाला बेतून नेट बांधायचं, हे अगदी पहिल्यापासूनचं आहे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र चांगली दोन-चार पानं लागणार. चहा घेऊन बस.

मी या सत्रात शारीरिक शिक्षणाला व्हॉलीबॉल घेतला, नवशिक्यांचा वर्ग. तास सकाळी साडेसहाला. आमचं विद्यापीठ काकती, होनगा ओलांडून हायवेच्या अंगाला, उघड्या माळावर. या दिवसांत सकाळी धुकं असलं की पलीकडच्या कोर्टातली मुलगी आधी आवाजानं कळते, मग दिसते. वर्गात चिकोडी-रायबागच्या मुली आहेत, गोकाकच्या आहेत, बैलहोंगलच्या आहेत. एक वडगावची आहे, तिच्या घरी माग चालतात. बऱ्याच जणींनी याआधी व्हॉलीबॉल हातातसुद्धा धरला नव्हता. मॅडम धारवाडकडच्या, शिकवतात कन्नडातून, मध्येच मराठीतून. बॉल येताना कुणी ‘माझा!’ म्हणून ओरडतं, कुणी ‘नंदु!’ म्हणून. कशातही ओरडा, पण आधी ओरडा आणि जी आधी ओरडली तिनंच घ्या, एवढाच त्यांचा नियम. तो तूही पहिल्या दिवसापासून लाव. बॉल दोघींच्या मधोमध पडतो तो बहुतेक वेळा दोघीही गप्प राहिल्यामुळं.

आता मुख्य मुद्दा. मॅडमनी सुरुवातीचे कितीतरी तास नेट बांधलंच नाही. पहिल्या तासाला तर बॉलही काढला नाही. नुसतं उभं राहायला शिकवलं. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, टाचा हलक्या, गुडघे वाकलेले, हात पुढं आणि मोकळे. मैदानाच्या त्या टोकाहून ‘मोणकालू!’, म्हणजे गुडघे, अशी हाक आली की आमचे गुडघे आता आपोआप वाकतात. त्या वेळी काही मुली कंटाळल्या. मला मात्र नंतर कळलं की पुढचं सगळं त्या वाकण्यावर उभं आहे.

मग अंडरहँड, म्हणजे दोन्ही हात जोडून खालून बॉल उचलणं. हे नीट वाच, कारण तुला हेच सगळ्यात जास्त शिकवायचं आहे. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांवर आडवी ठेवायची. दोन्ही अंगठे शेजारी शेजारी, टोकं जमिनीकडं. अंगठे खाली दाबले की कोपरं आपोआप सरळ होतात आणि मनगटाच्या वरची, आतली मऊ बाजू वर येते. बॉल तिथं घ्यायचा. मनगटाच्या हाडावर घेतला तर लागतो, मुठीवर घेतला तर कुठंही उडतो. हात फिरवायचे नाहीत. मुलींना हेच अवघड जातं, कारण समोरून काही आलं की हात ते मारायला धावतो. बॉलला लागणारा जोर गुडघ्यांतून येतो, थोडासा खांद्यांतून. हात म्हणजे नुसती फळी. फळी जिकडं कललेली, बॉल तिकडं जाणार. आणि या सगळ्याच्या आधी पाय. बॉल आपल्या पोटासमोर येईल असं आपण सरकायचं. उभ्या जागेवरून हात लांबवून घेतलेला बॉल कधी सरळ जात नाही.

सरावाला जोड्या लाव. दोघींत तीन-चार पावलांचं अंतर. एकीनं दोन्ही हातांनी खालून अलगद टाकायचा, दुसरीनं तो टाकणारीच्या डोक्याइतका उंच परत द्यायचा. हे जमलं की टाकणारीनं एक पाऊल डावीकडं, एक पाऊल उजवीकडं टाकायला लागायचं, म्हणजे पाय हलतात. शाळेची मागची भिंत आहेच, एकटीनं सराव करायला ती उत्तम. पुढं तिघींचा गट कर: एक टाकणारी, एक घेणारी आणि एक नेटजवळ हात वर करून उभी. घेणारीचा बॉल त्या वर केलेल्या हातांत पोचला तर तो पास. नुसता हवेत उडाला तो पास नव्हे. थोड्या दिवसांनी ती तिसरी मुलगी फिंगरनं बॉल द्यायला शिकेल. कपाळावर दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीचा त्रिकोण, बॉल बोटांच्या पेरांवर, तळहाताला लागू द्यायचा नाही. पण ते पुढचं.

काचेच्या बांगड्या काढून ठेवायला सांग आणि नखं काप. हातांवर लाल डाग पडतील, थंडीत झोंबतंही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला तर कमी लागतं. काही दिवसांनी कातडी सरावते. हे मुलींना आणि घरच्यांना आधीच सांगून टाक.

तू विचारशील, एवढं अंडरहँडच का? आपण दोघींनी लहानपणी देवळामागच्या मैदानावर संध्याकाळचा व्हॉलीबॉल किती पाहिला आहे, आठव. नेटजवळ सगळ्यात उंच दोघं, त्यांच्या बाजूला त्यांना बॉल वर करून देणारा लिफ्टर, बाकीचे मागं उभे. ज्याला त्याला स्मॅश हवा असायचा. आणि समोरून बरी सर्व्हिस आली की पहिल्याच हाताला बॉल गटाराकडं. त्या उंच माणसाचा हात कितीही जबर असला तरी बॉल त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

या खेळात ब्लॉक, म्हणजे नेटवर हात उंचावून समोरचा बॉल अडवणं, सोडलं तर एका बाजूला तीनच स्पर्श मिळतात. धरून ठेवता येत नाही आणि एकीला लागोपाठ दोनदा शिवता येत नाही. म्हणजे बॉल तुझ्याकडं आला तरी तो तुझा कधीच नसतो. तू जे करतेस ते पुढच्या मुलीसाठी. पहिला हात चांगला लागला तर दुसरीला उभं राहून बॉल देता येतो, तिसरीला उडी घेता येते. पहिला वाकडा गेला तर दुसरी त्याच्यामागं धावते आणि तिसरी कसाबसा पलीकडं ढकलते. स्मॅश करणारीला टाळ्या मिळतात, पण तो स्मॅश मागच्या ओळीत वाकून उभ्या असलेल्या मुलीनं आधीच करून दिलेला असतो. मला हा खेळ आवडायला लागला तो याच जागी. तोपर्यंत मी फक्त तासाला जात होते.

मॅडमनी एकदा १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकचं सांगितलं. व्हॉलीबॉल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला तो त्या वर्षी. जपानच्या मुलींनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक घेतलं. त्यातल्या बहुतेक जणी एका कापड गिरणीत नोकरीला होत्या. दिवसभर काम करून मग रात्री उशिरापर्यंत सराव. दाइमात्सु नावाचे त्यांचे प्रशिक्षक फार कडक होते. उंचीनं युरोपातल्या मुलींना त्या पुरणाऱ्या नव्हत्या, पण बॉल जमिनीला लागू द्यायच्या नाहीत. लांबचा बॉल झेप घेऊन उचलायचा आणि तशीच लोळण घेत लगेच पायांवर उभं राहायचं, ही त्यांची खासियत. हे ऐकताना वडगावच्या मुलीचा चेहरा बघायला हवा होतास. मागाच्या खडखडाटात दिवस काढणं काय असतं ते तिच्या घरात रोजचं आहे. तास संपल्यावर ती मॅडमकडं गेली आणि म्हणाली, ती लोळण मला शिकवा. मॅडमनी गवतावर शिकवली. तुझ्या मुरमावर मात्र हे करू देऊ नकोस, कोपरं सोलून निघतील.

दुसरी गोष्ट, रोटेशन. यात अजिबात सूट देऊ नकोस. समोरच्यांची सर्व्हिस असताना गुण जिंकून सर्व्हिस आपल्याकडं आली की सहाही जणींनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं एक घर सरकायचं, आणि उजव्या कोपऱ्यात मागं आलेलीनं सर्व्हिस करायची. गावात हे कुणी पाळत नाही. उंच पोरगा जन्मभर नेटला आणि बुटका जन्मभर मागं. मोठ्या सामन्यांत आता मागं बॉल उचलण्यासाठीच लिबेरो असते, १९९८ पासून, वेगळ्या रंगाच्या जर्सीत. पण तुझ्या मुली सातवीतल्या आहेत गं. आज जी उंच आहे ती दहावीत उंच असेलच असं नाही आणि आज जी लहानखुरी आहे ती दोन वर्षांत कुठं जाईल सांगता येत नाही. सगळ्यांनी सगळीकडं उभं राहायला हवं.

सर्व्हिस खालूनच करू दे. डावा पाय पुढं, बॉल डाव्या हातात कमरेइतका, उजव्या तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं फटका. मात्र फटक्याआधी बॉल हातातून सुटायला हवा. नियमानं सर्व्हिस नेटपासून नऊ मीटरवरच्या रेषेमागून करायची असते, तू मुलींना पाच-सहा मीटरवर उभं कर आणि जमेल तसं एकेक पाऊल मागं घे. बॉल नेटला लागून पलीकडं पडला तरी चालतो, खेळ थांबवू नकोस. अबोल मुलींना सर्व्हिस छान येते असं मी पाहिलं आहे. सगळ्या खेळात ती एकच गोष्ट अशी की बॉल दुसऱ्या कुणाकडून यावा लागत नाही.

कोर्ट पूर्ण मापाचं १८ बाय ९ मीटर असतं. तुम्ही १२ बाय ६ चं आखा, फक्की मारून. लांबी दक्षिणोत्तर ठेव, नाहीतर संध्याकाळी एका बाजूच्या मुलींच्या डोळ्यांत ऊन येईल. खडे वेचून घ्या. वासे निलगिरीचे चालतील, पण चांगले खोल पुरा. तुमच्याकडं फौजेतून निवृत्त झालेलं कुणी असेलच. पलटणीत व्हॉलीबॉल खेळलेल्या माणसाला हे सगळं ठाऊक असतं, आणि असे लोक मुलांसाठी आनंदानं येतात. त्यांना वासे पुरायला आणि पंच म्हणून बोलाव. फक्त स्मॅश एवढ्यात शिकवू नका म्हणावं.

गुणांवरून जुनी माणसं वाद घालतील. पूर्वी ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळायचा, समोरच्यानं जिंकलं तर नुसती सर्व्हिस बदलायची. १९९९ पासून प्रत्येक बॉलला गुण असतो, सेट २५ चा, दोनची आघाडी हवी. तू सुरुवातीला यातलं काही लावू नकोस. तीन स्पर्श पूर्ण करून बॉल पलीकडं गेला की गुण, असं ठेव. एका फटक्यात परत दिला तर गुण नाही. बघ, मुली आपोआप एकमेकींकडं बघायला लागतील.

मी येत्या रविवारी सकाळच्या जांबोटी गाडीनं येते. आमच्या वर्गातला एक जुना बॉल मॅडमनी द्यायचं कबूल केलं आहे. शिवण थोडी उसवली आहे, पण हवा धरतो. नेटचंही काहीतरी बघते.

आणि तू लिहिलंस ती सातवीतली मुलगी, जिची आई नको म्हणते. मी आल्यावर आधी त्यांच्याच घरी जाऊ. डाग पडतात हे मी लपवणार नाही, माझे हात दाखवीन. शाळा सुटल्यावर पाऊण तास, सोबत तू, आणि अंधाराच्या आत घरी, एवढं आपण कबूल केलं तर त्या ऐकतील असं मला वाटतं. तरी मन मानत नसेल तर त्यांनाच मैदानावर बोलाव की. बाहेर गेलेला बॉल आणून द्यायला कुणीतरी लागतंच.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझीच,
मैत्रीण