सेवेसाठी नावे देण्याबाबत

मंडळीतील प्रिय बंधुभगिनींनो, ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

येत्या रविवारी भक्तीनंतर सेवेसाठी नावे घ्यायची आहेत. दरवर्षी तीच चार-पाच नावे पुढे येतात आणि बाकीचे म्हणतात, "आम्हाला कुठे काय येतं?" हे मनाला लागतं, कारण ते खरं नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9 काढून वाचा. यापो गावची टबीथा वारली तेव्हा विधवा रडत प्रेषित पेत्राला दाखवत होत्या ते तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे. तिने कधी उपदेश केल्याचा उल्लेख नाही. सुईदोरा होता आणि तो तिने गरिबांसाठी वापरला. आपल्या केडगावच्या मुक्ती मिशनचंच पाहा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, पण ते छापून निघालं ते तिथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकलेल्या मुलीबायकांच्या हातांनी. रमाबाईंचं नाव राहिलं, त्या मुलींची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, देवाला आहेत.

पेत्राच्या पहिल्या पत्रात (4:10) देवाकडून मिळालेल्या दानांबद्दल सांगताना "प्रत्येकाला" असा शब्द आहे. म्हणून शिवणकाम, पेटी-तबला, वायरिंग, हिशेब, स्वयंपाक, आजाऱ्यापाशी शांत बसणं, जे येतं ते लिहा. संडे स्कूलला गणित-इंग्रजी शिकवणारं कुणी हवंच आहे, मुलं फार मागे पडली आहेत.

वही दाराजवळच्या टेबलावर असेल. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी शनिवारपर्यंत सेक्रेटरींना कळवावं. वयस्कर मंडळींची नावं घरच्यांनी त्यांना विचारूनच द्यावीत.