मॅटर वाचलं, थोडं खोडलंय

सांगली, रविवार

चि. रेवतीस अनेक आशीर्वाद.

तू दिल्लीहून पाठवलेला निवडणूक-पत्रकाचा हिंदी मसुदा दुपारी प्रेसमध्ये बसून वाचला. कॉलेजच्या विद्यार्थी निवडणुकीत कौन्सिलरपदाला उभी राहतेयस हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आधी हजेरी भर म्हणावं." बोलली ते बरोबरच. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीने उमेदवाराला किमान ७५ टक्के हजेरीची अट घातलेली आहे, तेव्हा अर्ज भरण्याआधी ऑफिसात जाऊन तुझा आकडा बघून घे. छाननीत अर्ज उडाला तर पुढचं सगळं लिहिणं फुकट.

आता मजकुराचं. 'न्याय्य हक्कांसाठी सदैव कटिबद्ध', 'तळमळीची कार्यकर्ती', 'सेवेची एक संधी द्या'. अगं, हे मॅटर आपल्या कॉम्प्युटरवर कायमचं सेव्ह आहे! ग्रामपंचायत असो, सोसायटी असो, नाहीतर साखर कारखाना. दोन्ही पॅनेलवाले एकाच संध्याकाळी येऊन टेकतात आणि ऑपरेटर तीच फाइल उघडून नाव, फोटो, निशाणी तेवढी बदलतो. कपबशी काढली, शिट्टी टाकली. धंदा म्हणून माझी काही तक्रार नाही. गावात ते खपतंही, कारण उमेदवाराच्या आज्यापासून सगळं लोकांना पाठ असतं, पत्रक नुसतं घरी पोचवायचं असतं. तुला तिथं कोण ओळखतंय? वाचणाऱ्याला तू त्या एका कागदावरूनच कळणार.

तिसऱ्या परिच्छेदात मात्र तू एक ओळ दडवून ठेवलीस: वाचनालयाच्या तळमजल्यावरचे प्लगपॉइंट बंद होते, तू सह्या गोळा करून अर्ज दिलास आणि निम्मे चालू झाले. ही सगळ्यात वर घे. अर्ज कुणाकडे दिला, उत्तर काय आलं, उरलेले निम्मे कशापायी अडलेत, तेही लिही. उभ्या-उभ्या पत्रक वाचणारा माणूस वरच्या दोन ओळी वाचतो आणि थेट नावावर येतो. मधलं सहसा मी आणि प्रूफरीडरच वाचतो.

'फीवाढ रद्द करणार' हे मी खोडलंय. ते कौन्सिलरच्या हातात आहे का? 'फीवाढीचा हिशेब लेखी मागणार आणि आलेलं उत्तर हॉस्टेलच्या बोर्डावर लावणार' असं लिही. हे तुला करता येईल, आणि नाही केलंस तर कुणीही येऊन जाब विचारेल. विचारू देत.

समोरच्या मुलाबद्दलची दोन वाक्यंही काढलीत. विधानसभा-लोकसभेच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने सक्तीचं आहे. "ती ओळ जरा बारीक टाका" म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी आधी मजकुरात कुणाची बदनामी आहे ते बघतो, आणि बहुतेक वेळा सापडते. त्या मुलाचं काम चुकलं असेल तर ते तारखेसकट लिही. तो कुणाबरोबर फिरतो, हे तुझ्या पत्रकात कशाला?

बाकी, तुम्हाला छापील पोस्टर चालत नाही, हाताने केलेलंच लागतं, आणि खर्चाची मर्यादा ५००० रुपये, हे समितीच्या अहवालात वाचलं. म्हणजे घरचा प्रेस असून तुला त्याचा उपयोग शून्य! मी आर्ट पेपरचा हिशेबसुद्धा करून ठेवला होता. आता कार्डशीट आणि मार्कर तिथंच घे, आणि पावत्या जपून ठेव, हिशेब द्यावा लागतो.

महाराष्ट्रात कॉलेजच्या खुल्या निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या, त्यामुळे विद्यार्थ्यांचं पत्रक आमच्याकडे कधी छपाईला येतच नाही. तुझंच पहिलं वाचलं, तेही फुकटात.

दुरुस्त केलेलं मंगळवारपर्यंत पाठव. वेलांट्या मात्र एखाद्या हिंदीवाल्या मैत्रिणीकडून तपासून घे. 'समिती' तू आपल्यासारखी दीर्घ काढलीयस, त्यांच्याकडे ती ऱ्हस्व असते.

तुझा,
पप्पा