ड्रायव्हर टिकत नाहीत म्हणता, त्याबद्दल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही दोन तक्रारी केल्यात. पगार वाढवूनही आपल्या ट्रकवर ड्रायव्हर टिकत नाहीत ही पहिली, आणि जे टिकतात ते काही सांगत नाहीत ही दुसरी. मला दुसरीच मोठी वाटते. ब्रेक नीट नाही, झोप येतेय, माल वेडावाकडा भरलाय, वाटेत थोडक्यात वाचलो, एवढ्या गोष्टी मालकाच्या कानावर वेळेत आल्या तर बरेचसे मोठे खर्च टळतात. त्या येत नाहीत, कारण सांगणाऱ्यालाच त्याचा भुर्दंड बसतो. खेप हातची जाते, भत्ता कापला जातो, चारचौघांत बोलणी खावी लागतात. ड्रायव्हरचा मान राखायचा म्हणजे खरं सांगितल्याबद्दल त्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही, एवढं माझं म्हणणं आहे. त्याला नावाने हाक मारायची की ‘अहो’ म्हणायचं, ते नंतर. फोनवर हे सगळं धड बोलून होत नाही म्हणून लिहून काढलंय. लांबलंय, पण चष्मा लावून सावकाश वाचा.

सुरुवात ब्रेकपासून करते. ‘ब्रेक जरा उशिरा लागतोय’ म्हटलं की बहुतेक मालकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘एवढी खेप मारून ये, मग बघू.’ दोनदा असं ऐकल्यावर तिसऱ्यांदा कोण सांगेल? खरं तर ही तक्रार पाच मिनिटांत तपासता येते. गाडी सपाट जागी लावून चाकांना ठोकळे लावायचे, हवेचा काटा पूर्ण चढू द्यायचा (ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; बहुतेक गाड्यांत हा दाब ८ ते १० बार, बार हे दाबाचं माप), मग इंजिन बंद करून हँडब्रेक सोडायचा आणि पॅडल पूर्ण दाबून धरायचं. पॅडल दाबताक्षणी काटा एकदम खाली येतो, तो सोडून द्या. त्यापुढच्या एका मिनिटात साध्या ट्रकला साधारण ०.२ बारपेक्षा आणि ट्रेलर जोडलेल्या गाडीला ०.३ बारपेक्षा जास्त उतरला, तर कुठेतरी हवा गळतेय. त्यानंतर इंजिन बंदच, पण चावी चालू ठेवून पॅडल पुन्हा पुन्हा दाबून हवा उतरवायची. काटा ४ बारच्या आसपास पोचायच्या आत धोक्याचा दिवा किंवा बझर लागलाच पाहिजे. लागला नाही तर गाडी जागची हलवायची नाही.

हवा गळत नसूनही ब्रेक उशिरा लागत असेल तर स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे ब्रेक झिजून पडलेली ढिलाई भरून काढणारे भाग, बघायचे. ते ऑटोमॅटिक (आपोआप आवळणारे) असतील तर मिस्त्रीला पान्याने आवळून गाडी सोडू देऊ नका. ऑटोमॅटिक ॲडजस्टर ढिला पडतो तेव्हा बिघाड त्याच्यात तरी असतो, नाहीतर बुश, कॅमशाफ्ट किंवा ब्रॅकेटमध्ये. पान्याने आवळलं की दोन-चार दिवस बरं वाटतं आणि नेमकं घाटात उघडं पडतं. लांब उतारावर चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, हवेच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या चेंबरच्या दांड्याला नेहमीपेक्षा लांब जावं लागतं, आणि ड्रमवर घासणाऱ्या तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. आधीच ढिला असलेला ब्रेक तिथे पुरत नाही. अशा अपघातानंतर ‘ड्रायव्हरने घाट न्यूट्रलमध्ये उतरवला असणार’ असं सर्रास म्हटलं जातं. कधी ते खरंही असतं. उतार सुरू होण्याआधी खालचा गिअर, इंजिन ब्रेक चालू, वेग ठरवलेल्या मर्यादेला टेकला की तीनेक सेकंद ठाम ब्रेक मारून दहाएक किलोमीटरने खाली आणायचा आणि पाय उचलायचा, ही पद्धत ड्रायव्हरला येत असलीच पाहिजे. पण त्याने आधी तक्रार केली होती का, हे कुठेच लिहिलेलं नसेल तर दोष कोणाचा, हे कधीच कळत नाही.

म्हणून प्रत्येक गाडीत कार्बन घालून लिहायची एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, ड्रायव्हरच्याच शब्दांत तक्रार, काय दुरुस्त केलं, कोणी केलं, कोणता पार्ट घातला. पुढची खेप नेणारा आधीचं पान वाचून सही करेल. आणि बाबा, यातला अवघड भाग तुमचा आहे. दुरुस्ती पुढे ढकलायची ठरवलीत तर त्याच पानावर ‘या अवस्थेत गाडी चालवायला हरकत नाही’ असं लिहून तुम्ही सही करायची. तोंडी ‘जाऊ दे’ म्हणणं सोपं असतं, सही करताना माणूस विचार करतो.

ड्रायव्हरचीही बाजू आहे. निघण्यापूर्वीची पंधरा मिनिटं त्याने गाडीभोवती फिरण्यात घालवलीच पाहिजेत, आणि ती कामाच्या तासांत धरली गेली पाहिजेत. हवेच्या टाक्यांतलं पाणी सोडायचं. पाण्यासोबत काळपट तेल आलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसर तेल फेकतोय, ते वहीत लिहायचं. चाकाच्या नटांपासून गंजाचे ओघळ फुटले असतील तर नट ढिला आहे असंच धरायचं. चाक काढून बसवलं असेल तर ८० ते १०० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) तपासायचे, कारण नवीन बसवलेलं चाक थोडं चालल्यावर ‘बसतं’ आणि पकड सैल होते. जोड टायरांवर हातोडा मारून फक्त पंक्चर कळतं, कमी हवा कळत नाही. एका टायरमध्ये हवा कमी असली की शेजारचा जास्त भार ओढतो आणि दोन्ही तापतात. गेज लावायचा तो टायर थंड असताना. चालून आलेल्या गरम टायरचा आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडायची नाही.

आता झोपेचं. इथे मालकाचा कागदावरचा हिशेबच चुकतो. ४५० किलोमीटरची खेप, गाडी ८० ने चालते, म्हणजे साडेपाच-सहा तास, असं म्हणून वेळ दिली जाते. वस्ती, घाट, नाके, थांबे धरून तीच गाडी सरासरी ४५ ने पोचते, म्हणजे दहा तास. माल भरताना तीन तास गेले असतील तर तेरा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७९ च्या १५३ क्रमांकाच्या करारात सलग चार तास चालवल्यावर थांबणं, दिवसाला एकूण नऊ आणि आठवड्याला ४८ तासच चालवणं, आणि चोवीस तासांत सलग दहा तास विश्रांती असं धरलंय. देशोदेशीचे आकडे थोडे इकडेतिकडे आहेत, पण शरीर सगळीकडे सारखंच. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे चाचण्यांत दिसलेलं आहे. ताशी ८० च्या वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी जवळजवळ ९० मीटर आपली आपण गेलेली असते. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी जेवणानंतरचे दोन तास ही सगळ्यात वाईट वेळ. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं यांचा उपयोग काही मिनिटांपुरताच. वीसेक मिनिटांची डुलकी आणि उठल्यावर निदान पंधरा मिनिटं स्टिअरिंगला हात न लावणं, हे कामाचं.

तेव्हा वेळ देताना त्या रस्त्याच्या मागच्या खेपांना खरोखर किती वेळ लागला, तो धरा. आणि ‘झोप येतेय, दोन तास थांबतो’ असा फोन आला की उत्तर एकच, ‘थांब, मी समोरच्याला कळवतो.’ ड्रायव्हरनेही तो फोन पोचायची वेळ टळून गेल्यावर नाही, थांबतानाच करायचा. तरच तुम्हाला गिऱ्हाइकाकडे तोंड दाखवता येतं. लवकर पोचल्याबद्दल बक्षीस देत असाल तर आजच बंद करा. तो वेग विकत घेतल्यासारखं आहे.

गाडी चालू असताना ‘कुठे पोचलास?’ म्हणून फोन करू नका. जीपीएसवर दिसतंच. निरोप टाकायचा, तो थांबला की फोन करेल. जीपीएस आणि कॅमेरा कशासाठी लावलाय, ते कोण बघतं, हेही एकदा सांगून टाका. चोरून नजर ठेवली जातेय असं वाटलं की माणूसही चोरून वागायला लागतो.

आई, आता तुझ्या डिझेलच्या वहीकडे येते, कारण सगळ्यात जास्त मनं तिथेच दुखावतात. ॲव्हरेज पडलं की चोरीचा संशय, हे थांबायला हवं. चोरी होत नाही असं मी म्हणत नाही. पण आधी बाकीची कारणं खोडून काढायची. नुसतं इंजिन चालू ठेवून गाडी उभी असेल तर तासाला सुमारे तीन लिटर जातं. माल उतरवण्याच्या रांगेत गाडी पुढे सरकवत पाच तास गेले तर पंधरा लिटर तिथेच गेलं. डिझेल तापलं की फुगतं, दर अंशाला साधारण ०.०८ टक्के. दुपारच्या उन्हात भरलेलं ४०० लिटर रात्री पंधरा अंशांनी थंड झालं की मापात जवळपास पाच लिटर कमी दिसतं, आणि कोणी हातही लावलेला नसतो. पण सगळ्यात फसवं टायरचं. झिजलेला टायर घेराने लहान असतो, त्यामुळे तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे घेतो आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. तीनेक टक्क्यांचा फरक सहज पडतो. नवीन टायर घातले की मीटर बरोबर मोजायला लागतो, शिवाय जाड नक्षीचा नवा टायर थोडा जडही चालतो, आणि ॲव्हरेज एकदम पडलेलं दिसतं. ड्रायव्हर तोच, रस्ता तोच, आणि आळ त्याच्यावर.

म्हणून वहीत हे रकाने वाढव: रस्ता, मालाचं वजन, उभ्या गाडीचे तास, टायर बदलल्याची तारीख. टाकी दर वेळी सपाट जागेवर, एकाच खुणेपर्यंत भरायची. एका खेपेवरून निकाल देऊ नकोस. त्याच रस्त्याच्या आणि तेवढ्याच वजनाच्या पाच-सहा खेपा एकत्र बघ. एवढं करूनही एकाच माणसाच्या हाताखाली फरक राहत असेल तर त्याला बोलावून आकडे समोर ठेव आणि विचार. बाकीच्यांसमोर नको. ड्रायव्हरने पावत्या त्याच दिवशी द्यायच्या, आणि हरवली तर हरवली म्हणून सांगायचं. दुसरी बनवून आणायची नाही.

वजनातली घट हाही असाच विषय. निघताना भरलेल्या गाडीचं वजन आणि पोचल्यावरचं भरलेल्या गाडीचं वजन यांची तुलना करून ‘माल कमी आला’ म्हणतात. वाटेत २०० लिटर डिझेल जळलं असेल तर १७० किलोच्या आसपास वजन तिथेच गेलंय. एकदा ड्रायव्हर केबिनमध्ये बसलेला आणि एकदा खाली उतरलेला असला की आणखी सत्तर-ऐंशी किलो. दोन्हीकडे रिकामी आणि भरलेली अशी दोन वजनं झाली नसतील तर कापाकापी करूच नये. सीलचा नंबर पावतीवर असेल आणि सील शाबूत पोचलं असेल, तर घटीचं उत्तर माल भरणाऱ्याने द्यायचं, ड्रायव्हरने नाही.

माल बांधण्याबद्दल एवढंच. करकचून ब्रेक मारला की मालाच्या वजनाच्या ऐंशी टक्के जोर पुढच्या बाजूला येतो असं धरून बांधतात. बाजूला आणि मागे वजनाच्या पन्नास टक्के. मध्ये मोकळी जागा सोडून भरलेला माल पट्ट्यांनी धरत नाही. भरणारे हमाल निघून जातात आणि सरकलेल्या मालाचा जाब ड्रायव्हरला द्यावा लागतो. म्हणून ‘हे पुन्हा लावा, नाहीतर मी निघत नाही’ म्हणायचा अधिकार त्याला द्या, आणि तो तसं म्हणाला तर गिऱ्हाइकासमोर त्याची बाजू घ्या. पहिल्या ७०-८० किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणणं हे त्याचं काम.

थांबवून ठेवल्याचे पैसे तुम्ही गिऱ्हाइकाकडून घेता, त्यातला वाटा ड्रायव्हरला मिळायला हवा. गेटवर पोचल्याची, आत घेतल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहून समोरच्याची सही आणली की पुरे. आणि गिऱ्हाइकाशी भाड्याचं बोलताना, ड्रायव्हरला त्यांचं स्वच्छतागृह वापरू देतात का, पाठ टेकायला जागा आहे का, हेही विचारत जा. विचारायला लाज वाटते म्हणून हा प्रश्न राहून जातो.

दंड कोणी भरायचा ते आधीच लिहून ठेवा. कागदपत्रं, जादा भार, दिवे, टायर यांचा मालकाने. वेग, सिग्नल, फोनवर बोलणं यांचा ड्रायव्हरने. पगाराची तारीख चुकवू नका. घरी जाण्यासाठी सांगितलेली तारीख तर मुळीच नाही. एवढ्यावरून माणसं सोडून जातात.

शेवटचं तब्येतीचं. जोरजोरात घोरणारा आणि रात्रभर झोपूनही दिवसा पेंगणारा माणूस आळशी नसतो. झोपेत त्याचा श्वास अडत असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. सर्दी-ॲलर्जीच्या पुष्कळ गोळ्यांनी गुंगी येते. अशी गोळी घेतल्याचं किंवा साखर खाली गेल्याचं ड्रायव्हरने सांगितलं तर त्या दिवशी गाडी दुसऱ्याला द्या, पण त्याची गाडी कायमची काढून घेऊ नका. नाहीतर पुढच्या वेळी तो गोळी खिशात लपवेल.

आई, मागच्या सहा महिन्यांची डिझेलची पानं आणि टायर बदलल्याच्या तारखा फोटो काढून पाठव. मी त्याचा गाडीवार तक्ता करून देते. बाबा, ज्या ड्रायव्हरवर तुमचा राग आहे, त्याची गाडी त्यात पहिली घेते. तोवर त्याला काही बोलू नका.

तुमची,
मोठी