न घेतलेल्या हाताचे आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानायचे होते, पण बोलायला लागले की गळा दाटून येतो. म्हणून लिहिते आहे. शिवाय हे चार लोकांनी वाचावं असंही वाटतं. कोणत्या चार, ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्या समारंभात माझ्या नवऱ्याने नेहमीसारखा हसत तुमच्यापुढे हात केला. तुम्ही तो घेतला नाहीत. रोजच्याच आवाजात म्हणालात, "तू वहिनींवर हात उचलतोस. ते थांबत नाही तोवर मी तुझ्याशी हात मिळवणार नाही." त्याचा हात तसाच अधांतरी. सगळी मित्रमंडळी गप्प. तुमचे कान लाल झाले होते, शेवटचे शब्द अडखळले होते, पण नजर हलली नाही. माझ्या रडण्याची त्याला कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी मात्र बरोबरीच्या माणसाने चारचौघांत नाकारलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

मला मोठं वाटतं ते त्याच्याही आधीचं. "मी बोललो तर रात्री तुम्हाला भोगावं लागेल का?" असं तुम्ही मला विचारलं होतंत. लागेल, म्हटल्यावर माझी बहिणीकडे सोय होईपर्यंत थांबलात. एक महाशय तर "फक्त सांगा, हाडं खिळखिळी करतो" म्हणायचे. दार लागल्यावर त्या मर्दुमकीची भरपाई कोण करणार होतं, हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं. बाकीच्यांचं ठरलेलं: भांड्याला भांडं लागतंच, तापट आहे पण मनाने चांगला आहे. एकाने तर मलाच विचारलं, "तुम्ही काय बोललात त्याला?"

तुमच्या शर्टावर २५ नोव्हेंबरला, स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्धच्या दिवशी, पांढरी फीत असायची. माझ्या नवऱ्यानेही ऑफिसात ती लावून फोटो काढला होता, हे तुम्हाला माहीत नसेल. ६ डिसेंबर १९८९ रोजी मॉन्ट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एका बंदूकधाऱ्याने १४ स्त्रियांना ठार केलं आणि स्त्रियांवरच्या अशा हिंसेविरुद्ध १९९१ मध्ये कॅनडातल्या काही पुरुषांनी ही फीत लावायला सुरुवात केली. फितीबरोबरची शपथ तीन गोष्टींची आहे: हिंसा करणार नाही, तिचं समर्थन करणार नाही, ती पाहून गप्प बसणार नाही. पहिलीवर पुष्कळ सज्जन आयुष्य काढतात. तिसरीपाशी आले की सगळ्यांना कामं आठवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या साधारण तीन बायकांमागे एकीने शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते, बहुतेकदा नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून. मग अशा नवऱ्यांबरोबर रोज उठबस करणारे भले पुरुष किती असतील, तुम्हीच हिशेब करा.

या बोलण्यापायी तुम्हाला काही घरची आमंत्रणं बंद झाली, असं कानावर आलं. वाईट वाटलं, आणि खरं सांगू, थोडा अभिमानही वाटला.

परवा त्यांच्यापैकी एकाचा फोन आला होता. "वहिनी, आम्हाला कल्पनाच नव्हती हो," म्हणाला. होती, दादा. तुम्हाला जेवढी होती तेवढीच त्यालाही होती, आणि मी ते त्याला फोनवरच सांगितलं.

तुमची,
वहिनी