अहवालावर डॉक्टरांची पात्रता हवी

महोदय,

गेल्या महिन्यात नाशिकमधील एका केंद्रात आईचा एमआरआय काढला, तेव्हा अहवालावर रेडिओलॉजिस्टची स्वाक्षरी होती. मात्र त्यांची पात्रता एमडी (पदव्युत्तर पदवी) की डीएमआरडी (रेडिओलॉजीतील पदविका), हे कुठेच लिहिलेले नव्हते. नोंदणी क्रमांकही नव्हता, जो २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दवाखान्यात आणि प्रमाणपत्रांवर असणे बंधनकारक आहे. विम्याबाबत ‘कॅशलेस चालते’ एवढेच सांगण्यात आले. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसींमध्ये रुग्णालयात दाखल न होता केलेल्या तपासणीचा खर्च मिळत नाही. त्याच आजारासाठी पुढे ठरावीक दिवसांत दाखल व्हावे लागले, तरच तो मागता येतो आणि त्यासाठी मूळ पावत्या जपाव्या लागतात. हे आम्हाला पैसे भरल्यावर कळले. आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या शहरात आहे, तेथे तरी प्रत्येक केंद्राने तज्ज्ञांची पदवी, नोंदणी क्रमांक आणि संलग्न विमा कंपन्यांची यादी दर्शनी भागात लावावी.

— एक वाचक, नाशिक