लाखेचं वजन सोन्याच्या भावाने घेऊ नकोस

लिस्बन, ९ जुलै

प्रिय नंदा,
अनेक आशीर्वाद.

फोंड्याच्या त्या घरातले तीन जुने डाग, म्हणजे दागिने, विकत घ्यावेत की नाही, हा तुझा प्रश्न. बोरमाळ, मोत्यांच्या कुड्या आणि पोर्तुगीज जाळीकामाची साखळी. चवथीला बोरमाळ गळ्यात असावी असं तुला वाटतं, ते अगदी मनापासून पटतं. पण हातातले पैसे माधवरावांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला काढलेले आहेत, आणि त्यांना हात लावू नकोस. जुन्या दागिन्याला तू दोन किमती देतेस, एक सोन्याची आणि एक जुनेपणाची. घाईत मोडायची वेळ आली की दुसरी किंमत शून्य होते. सोनार काय आणि बँक काय, दोघेही फक्त सोन्याचं निव्वळ वजन धरतात. गहाण ठेवतानाही खडे, मोती, लाख सगळं वजा होतं आणि उरलेल्या सोन्याच्या किमतीचा ठराविक भागच कर्ज म्हणून मिळतो. त्यामुळे 'लागलं तर विकू' हा हिशेब जुन्या डागांना लागू पडत नाही.

म्हणून पहिलं काम इस्पितळाचं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढून बघ. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला उपचारांसाठी वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख, अशी ती योजना आहे, आणि गोव्यात पाच वर्षं राहणाऱ्यांसाठी आहे. कार्डाचं नूतनीकरण झालंय का, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला किती मंजूर होतं आणि वरचे किती भरावे लागतील, हे इस्पितळाच्या योजना खिडकीवर लिहून घे. त्या आकड्यात सहा महिन्यांची फिजिओथेरपी आणि औषधं मिळव. हे सगळं जाऊन जे उरेल, ते दागिन्यांचं.

आता बोरमाळ. तुझ्या पत्रातलं 'चोवीस ग्रॅमच्या वर भरली' हे वाक्य वाचून मी थांबले. बोरमाळेचे मणी पोकळ असतात. पातळ पत्र्याची बोरं करून आत लाख भरतात, म्हणजे दाबलं तरी चेपत नाहीत. काही वेळा लाखेत विटेची भुकटीही मिसळलेली असते, ती आणखी जड. काट्यावर भरतं ते सोनं, लाख, दोरा आणि कडी असं सगळं मिळून. यातलं सोनं किती, ते ठरवायचा प्रामाणिक मार्ग एकच. मालकांच्या समोर, त्यांच्या परवानगीने, सोनाराकडून एक मणी सोडवून घे. तो मणी शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोल, लाख तापवून काढायला सांग आणि पुन्हा तोल. समज आधी ०.६२ ग्रॅम होता आणि नंतर ०.३८ राहिला. मणी चाळीस असतील तर सोनं १५.२ ग्रॅम, आणि बाकीचं सगळं वजन लाखेचं नि दोऱ्याचं. मणी पुन्हा भरून ओवता येतो, माळेचं नुकसान होत नाही. मणी लहानमोठे असतील तर एकाऐवजी एक लहान आणि एक मोठा असे दोन उघड. मालक याला तयार नसतील तर सोन्याचा भाव देऊ नकोस. एक ठरीव रक्कम बोल, नाहीतर उठून ये.

शुद्धता वेगळी तपासायची. दुकानातलं कॅरेट मीटर क्ष-किरणांनी मोजतं, पण ते वरच्या काही मायक्रॉनचंच. जाड मुलाम्याच्या पितळेलाही ते सोनं म्हणू शकतं. म्हणून मण्याच्या आतल्या बाजूचं, कडीचं आणि झाळलेल्या, म्हणजे सोनं वितळवून जोडलेल्या, सांध्याचं असं तीन ठिकाणी रीडिंग घ्यायला सांग. सांध्याजवळचा आकडा नेहमी खाली येतो, कारण झाळेचं सोनं मुद्दाम हलकं ठेवतात, नाहीतर ते डागाच्या आधी वितळणारच नाही. तेवढ्यावरून डाग खोटा ठरत नाही. ज्या ठिकाणी हॉलमार्क लागतो त्या केंद्रात सामान्य ग्राहकालाही डाग तपासून मिळतो. चार नगांपर्यंत दोनशे रुपये आणि पाच किंवा जास्त असतील तर नगामागे ४५ रुपये, असं शुल्क ठरवून दिलेलं आहे. दोनशे रुपयांसाठी ही पायरी गाळू नकोस. जुन्या डागावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, नसणारच, तो २०२१ नंतरचा. 'शंभर वर्षांची' म्हणून दाखवलेल्या माळेवर तो दिसला, तर काय समजायचं ते तू समजशील.

भरीव डागांसाठी, म्हणजे पाटली किंवा वळं, एक घरचा उपाय आहे. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आण. डाग दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडव, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नकोस. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भाग. कोरडी पाटली ११.७० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ०.६६ आला, तर उत्तर १७.७, म्हणजे २२ कॅरेट. १८ कॅरेट असती तर आकडा ०.७५ च्या आसपास आला असता. नक्षीत हवेचे बुडबुडे अडकले की सोनं आहे त्यापेक्षा हलकं दिसतं, म्हणून पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाक आणि डाग हलकेच झटक. बोरमाळ, मोती आणि खड्यांना ही रीत मुळीच चालत नाही. लाखेत पाणी शिरलं तर मणी आतून सुटतात.

साखळीचं इथून सांगणं सोपं आहे, कारण पोर्तुगालचं पारंपरिक सोनं १९.२ कॅरेटचं, हजारात आठशे. तिच्या कडीवर बारीक ठसा असेल, भिंगातून बघ. हे सोनं चांगलं आहे, तारेच्या कामाला २२ कॅरेटपेक्षा जास्त टिकतं. अडचण तिकडची आहे. आपल्या हॉलमार्कच्या श्रेणींत १८ नंतर एकदम २०, मध्ये १९.२ नाही. म्हणून मोडायला नेलीस तर सोनार ती १८ मध्ये ढकलायला बघेल आणि शंभरातले पाच भाग सहज जातील. त्यात जाळीकामाच्या खोबणीत मळ, जुनी झाळ आणि आधीच्या दुरुस्तीचे टाके असतात, घट त्याहून जास्त सांगतील. घ्यायची तर ८० टक्के शुद्धतेच्या हिशेबाने घे आणि मोडायची नाही असं ठरवूनच घे. तारा तुटलेल्या असतील तर सोडून दे. जाळीकामाची दुरुस्ती करणारा हात म्हापशात शोधून मिळेलच असं नाही, आणि साध्या झाळेने जाळ्या भरून टाकल्या तर साखळीच मेली.

कुड्यांच्या मोत्यांना परत विकताना कुणी भाव देत नाही. त्या फक्त आवडीपोटी घ्यायच्या. माझं मत विचारशील तर तिन्हींत मी बोरमाळ घेईन, साखळीवर विचार करीन आणि कुड्या सोडून देईन, कारण तुझे कान.

तुझ्या कानाच्या पाळीला येणारी खाज मोत्यांनी येत नाही, ती फिरकीने येते. डाग सोन्याचा असला तरी बदललेली फिरकी निकेल मिसळलेल्या धातूची असू शकते. निकेलची ॲलर्जी घातल्याबरोबर दिसत नाही. एक ते तीन दिवसांनी पाळी लाल होते, सालपटं निघतात, पाणी येतं, म्हणून आपण दोष भलत्याच गोष्टीला देतो. निकेल तपासायच्या दोन बाटल्यांचा संच मिळतो. कापसाच्या बोळ्यावर दोन्हींचा एकेक थेंब घेऊन फिरकीवर अर्धा मिनिट घास. बोळा गुलाबी झाला तर निकेल आहे. तो भाग लगेच पुसून धू. मग डागाला हात न लावता फक्त दांडी आणि फिरकी १८ किंवा २२ कॅरेटची करून घे, जुनी फिरकी पाकिटात चिठ्ठी लावून जपून ठेव. आणि कानाचं भोक खाली ओघळून चिरेसारखं झालं असेल, तर जड कुड्या वेलाशिवाय घालू नकोस. वेल केसांत नीट अडकवला तरच तो वजन घेतो, नुसता शोभेला सोडला तर नाही.

नातीची काळजी मला जास्त आहे. ती सध्या हाताला येईल ते तोंडात घालते. जुन्या स्वस्त डागांत, काळ्या पडलेल्या लटकनांत, झाळीत शिसं असू शकतं, आणि मुलांच्या रक्तात शिशाचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. इथे युरोपात दागिन्यांतल्या शिशावर आणि कॅडमियमवर कायद्याने मर्यादा आहेत, पण १० डिसेंबर २०११ ला पन्नास वर्षं जुने असलेले डाग त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे डाग जुना म्हणून इथेही तो तपासलेला नसतो. नातीच्या अंगावर सोन्याखेरीज काही जुनं घालू नकोस. लहान मणी, सुटी घुंगरं तर नाहीच, ती घशात अडकतात.

कॅडमियम म्हणजे ज्याला लोक केडीएम म्हणतात, ती झाळ. मधल्या काळातल्या दुरुस्त्यांत ती हमखास सापडते. घालणाऱ्याला तिचा त्रास क्वचित होतो, खरा धोका सोनाराला. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, ज्योत त्याहून कितीतरी तापते, आणि तो धूर फुप्फुसं जाळतो. डाग देताना 'केडीएमची जुनी झाळ असेल, खिडकी उघडून काम करा' एवढं सांगितलंस तर तुझं काही जाणार नाही. मुलाम्याच्या जुन्या चांदीबद्दलही हेच. जुना मुलामा पाऱ्याने चढवलेला असतो. घरी गॅसवर धरून तो उजळायचा प्रयत्न कुणी करू नये. आणि सोनं पांढुरकं पडलं तर आधी तोंडाला लावायच्या उजळपणाच्या क्रीमकडे बघ, काहींत पारा असतो आणि तो सोन्याला धरतो.

माधवरावांची अंगठी शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधीच काढून ठेव. बोटाला सूज असेल तर ओढू नकोस. सकाळी हात थोडा वेळ वर धरून, गार पाण्यात बुडवून, साबण लाव. तरीही निघाली नाही तर अंगठीखालून दोऱ्याचं टोक आत सरकव, दोरा सांध्यापर्यंत घट्ट गुंडाळ आणि आतलं टोक उलटं उलगडत आण. बोट निळं पडलं तर कापून घ्यायची, अंगठी जोडता येते. शस्त्रक्रियेत आणि एमआरआयमध्ये अंगावर धातू ठेवत नाहीत. तुझ्या बांगड्यांचंही तेच, रात्री बसायच्या तयारीने जाशील तेव्हा हात मोकळे ठेव.

घ्यायचं ठरलं तर कागद पक्का कर. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, म्हणून पावतीवर घरातल्या दोघांचीही सही घे. आणि डाग सासूकडून आलेला असेल तर वारसांची वाटणी, म्हणजे इन्व्हेंटरी, झाली आहे का ते विचार. विचारायला संकोच वाटेल, पण नंतर चुलत दिराचं भांडण दारात येण्यापेक्षा बरं. पावतीत एकूण वजन, सोन्याचं वजन, मणी किती, तपासणीचा आकडा आणि दोन फोटो. पैसे बँकेतून. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, तुकडे करूनही नाही. ही पावतीच पुढे विकताना तुझी खरेदीची किंमत ठरवते. दोन वर्षांनंतर विकलंस तर नफ्यावर साडेबारा टक्के कर पडतो.

लॉकरमध्ये ठेवणार असशील तर एक लक्षात असू दे. बँकेच्या चुकीने चोरी-आग झाली तर तिची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. वरचं विम्यात घालावं लागतं, आणि विमा कंपनी मूल्यांकनाचा कागद मागते.

पावसात मोती आणि चांदी एका डबीत ठेवू नकोस. मोती मऊ सुती फडक्यात, चांदी बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर. मोत्यांना ती पुडी नको, फार कोरडं झालं की ते तडकतात. मोती अत्तर-स्प्रे लावून झाल्यावर घालायचे आणि घरी येताच काढून ओल्या फडक्याने पुसायचे. चिंच, लिंबू, टूथपेस्ट बोरमाळेला बंद. सोनं मऊ असतं, पेस्टमधली भुकटी नक्षी खाते, आणि आंबट मोत्याला विरघळवतं. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस, मऊ ब्रश आणि लगेच कोरडं, तेही भरीव सोन्यालाच. बोरमाळेला फक्त किंचित ओलं फडकं. ती उन्हात तापलेल्या गाडीत विसरू नकोस, लाख मऊ होते.

दुकानातून कुणी 'अँटिक' म्हणून हार दाखवला तर तो बहुधा काल घडवून काळसर केलेला असतो. आजकाल अँटिक हे फिनिशचं नाव आहे. खऱ्या जुन्या डागाची झीज घासणाऱ्या जागी असते, कडीत, मण्यांच्या भोकांच्या कडांवर, पाठीवर. खोट्याचा काळेपणा फक्त खोबणीत, सारखाच.

डाग मला बघायला कुणाच्याही हाती पाठवू नकोस. शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, तसा १९७२ चा कायदा आहे, आणि विमानतळावर वय सिद्ध करत बसायला लागेल. त्यापेक्षा उजेडात फोटो काढ. मण्याच्या भोकाचा अगदी जवळून एक, कडीच्या आतल्या बाजूचा एक, साखळीच्या ठशाचा एक, आणि शेजारी पट्टी ठेवून पूर्ण माळेचा एक. शनिवारच्या आत पाठवलेस तर रविवारी फोनवर बसू.

हे पत्र सावंतवाडीला आईला वाचून दाखव. तिच्या पुतळ्यांच्या माळेचा दोरा चवथीआधी बदलून घे, ओवणाऱ्याला प्रत्येक पुतळीनंतर गाठ मारायला सांग. माधवरावांना नमस्कार, नातीला पापा.

तुझी,
ताई